कढईतील कॉफी आणि भाजण्याचे विज्ञान

कॉफीची कच्ची बी हातात घेऊन हुंगली तर तिला कॉफीचा वास येत नाही. ती हिरवट-करडी आणि दगडासारखी टणक असते. वास वाळलेल्या गवताची किंवा कच्च्या वाटाण्याची आठवण करून देणारा. ती तशीच कुटून पाण्यात उकळली तर मिळणाऱ्या पेयाला कोणी कॉफी म्हणणार नाही. कॉफीचा तपकिरी रंग, तिचा वास आणि कडवट चव हे सारे भाजताना तयार होते. हे भाजण्याचे काम मोठ्या कारखान्यात होत असले, तरी त्यासाठी कारखाना लागतोच असे नाही. जाड बुडाची लोखंडी कढई, लाकडी उलथणे आणि पाव तास एवढ्यावर ते घरी होते.

हा लेख लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर हेमलकशासारख्या ठिकाणची शाळा आहे. हेमलकसा गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. माडिया मुलांसाठी निवासी शाळाही तेथे आहे. या भागातील मुलांना भाजणे ही क्रिया नवी नाही. मोहाची वाळलेली फुले घरोघरी भाजून खाल्ली जातात. चणे, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या हे तर सगळीकडचेच. जी क्रिया मुले रोज पाहतात, तिच्यात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे किती धडे आहेत हे कॉफीच्या निमित्ताने पाहावे, हा आमचा एक हेतू. दुसरा हेतू अधिक गंभीर आहे. ‘भाजले की वस्तू निर्धोक होते’ ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. ती कोठवर खरी आहे, हे तपासणे जंगलाच्या परिसरात विशेष गरजेचे आहे.

कच्ची बी कोठून आणायची?

हेमलकशाच्या जंगलात कॉफी होत नाही. अरेबिका जातीच्या कॉफीला साधारण हजार मीटर उंचीवरील थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली मानवते. महाराष्ट्रात अशी जागा अमरावती जिल्ह्यात, गाविलगडच्या डोंगररांगेत आहे. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. ते उत्पादन थोडे. भारतातील बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ व तमिळनाडू येथून येते आणि त्यातही सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकातून. तेथील मळेवाल्यांकडून किंवा व्यापाऱ्यांकडून कच्ची बी मागवता येते. प्रयोगासाठी अर्धा किलो पुष्कळ झाली.

कच्ची बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर सहज टिकते. भाजलेली बी मात्र दोन-तीन आठवड्यांत शिळी होऊ लागते. यामुळेच कॉफी कच्च्या स्वरूपात जगभर प्रवास करते आणि पिणाऱ्याच्या गावाजवळ भाजली जाते. पावसाळ्यात बी हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून डबा वारंवार उघडू नये.

साहित्य आणि कृती

लागणारे साहित्य असे: जाड लोखंडी कढई, लाकडी उलथणे, सूप, एक मोठे ताट, घड्याळ आणि एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू. शाळेतील तापमापी येथे उपयोगाची नाही. ती साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंतच मोजते. कढईत घातली तर फुटेल. येथे तापमान दोनशे अंशांच्या वर जाते. म्हणून आपली उपकरणे म्हणजे डोळे, कान, नाक आणि तराजू.

बरोबर १०० ग्रॅम बी तोलून घ्या. फुटकी, बुरशी आलेली बी निवडून टाका. कढई मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे तापवा आणि बी तीत घालून सतत हलवत राहा. हात थांबला की कढईला टेकलेली बाजू करपते आणि वरची कच्ची राहते. भडभुंज्या चणे-मुरमुरे भाजताना गरम वाळू वापरतो, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. वाळूमुळे दाण्याला सर्व बाजूंनी उष्णता मिळते. कॉफीच्या बीच्या सपाट बाजूवर मात्र खोल खाच असते व तीत वाळू अडकून बसते. त्यामुळे येथे हलवत राहण्याला पर्याय नाही.

हे काम उघड्यावर किंवा खिडक्या उघडून करावे, कारण शेवटी भरपूर धूर होतो. बीवरील पापुद्रे सुटून उडतात आणि ते चटकन पेट घेतात, म्हणून चुलीची ज्वाळा कढईच्या काठापर्यंत येऊ देऊ नये. तापलेल्या कढईत पाणी ओतू नये. वर्गात हा प्रयोग करायचा तर उलथणे शिक्षकांच्या हाती असावे. मुलांनी हातभर लांब उभे राहून घड्याळ पाहावे व नोंदी कराव्यात.

कढईत काय घडते?

पहिली चार-पाच मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. कच्च्या बीत १० ते १२ टक्के पाणी असते. मिळालेली बरीचशी उष्णता या पाण्याची वाफ होण्यात खर्च होते. हिरवट रंग फिका होत जातो आणि ओल्या गवतासारखा वास येतो.

नंतर बी पिवळी पडते आणि वास बदलतो. भाकरी भाजताना यावा तसा तो होतो. रंग पिवळ्याचा बदामी आणि बदामीचा तपकिरी होतो. बी फुगू लागते व पापुद्रे सुटतात.

दहा-बारा मिनिटांच्या सुमारास तडतड ऐकू येते. मक्याच्या लाह्या फुटताना होतो तसा, पण जरा हलका आवाज. बीच्या आत वाफ व कार्बन डायऑक्साइड कोंडलेले असतात. त्यांचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अनेक पट होतो आणि अखेर बीच्या पेशीभित्तिकांना तडे जातात. ही पहिली तडतड होते तेव्हा बीचे तापमान दोनशे अंशांच्या आसपास असते. लाहीची जात मात्र वेगळी. मक्याच्या दाण्यातील मऊ झालेला स्टार्च फेसासारखा फुगून बाहेर येतो. कॉफीच्या बीत स्टार्च जवळजवळ नसतो आणि पेशीभित्तिका जाड असतात, म्हणून ती उलटत नाही. आकाराने वाढते व आतून सच्छिद्र होते.

या टप्प्यावर आणखी एक बदल होतो. आतापर्यंत बी उष्णता घेत होती. आता तिच्यातील काही रासायनिक क्रिया उष्णता बाहेर टाकू लागतात. उष्माग्राही क्रिया उष्मादायी होऊ लागते. त्यामुळे तडतड सुरू होताच आच कमी करावी, नाहीतर बी आपल्याच उष्णतेने झपाट्याने पुढे जाते. नवख्या माणसाची बी बहुधा याच एक-दोन मिनिटांत करपते.

पहिली तडतड संपून मिनिट-दीड मिनिट झाले की कढई उतरवणे चांगले. तसेच भाजत राहिलो तर २२५ अंशांच्या पुढे दुसरी तडतड होते. तिचा आवाज बारीक व भराभर येणारा, वाळक्या काटक्या पेटताना होतो तसा. तेव्हा बीचा पोत ढासळतो, तेल पृष्ठभागावर येऊन बी चमकू लागते आणि चवीत कडूपणा वाढतो. त्यापुढे उरतो तो कोळसा.

कढई उतरवली तरी भाजणे थांबत नाही, कारण बी आतून तापलेली असते. ती लगेच ताटात पसरून पंख्याने वारा घाला. निवल्यावर सुपात घेऊन पाखडली की पापुद्रे उडून जातात. बी एक दिवस सैल झाकणाच्या डब्यात राहू द्यावी आणि मग खलबत्त्यात कुटावी.

वजनाचा हिशेब

आता पाखडलेली बी पुन्हा तोला. मध्यम भाजली असेल तर १०० ग्रॅमची ८४ ते ८६ ग्रॅम भरेल. गडद भाजली तर ८० ते ८२. फिकट भाजली तर ८७-८८. भाजण्याची ही सर्वांत भरवशाची मोजणी. रंगाबद्दल दोघांचे मत वेगळे पडू शकते. वजनाबद्दल पडत नाही. पुढच्या वेळी तशीच कॉफी हवी असेल तर वेळ, तडतड सुरू झाल्याचे मिनिट आणि वजनातील घट हे तीन आकडे वहीत असले की पुरते.

येथे मुलांना एक प्रश्न घालावा. बीत पाणी होते ११ ग्रॅम, मग घट १५ ग्रॅम कशी? चार ग्रॅम कोठे गेले? काही पापुद्र्यांत गेले. उरलेले शर्करा, आम्ले वगैरे घटकांच्या विघटनातून निर्माण झालेले पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि वासाची बाष्पे होऊन हवेत गेले. वस्तुमान नाहीसे झालेले नाही, ते कढईबाहेर गेले आहे. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवायला याहून सोपे उदाहरण क्वचित सापडेल.

वजन घटते आणि आकार मात्र दीडपट ते पावणेदोनपट होतो. म्हणजे घनता जवळजवळ निम्मी होते. कच्ची बी पाण्यात टाकली तर बुडते, भाजलेली तरंगते. एका पेल्यात दोन्ही टाकून दाखवा.

भाजलेल्या बीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड कित्येक दिवस बाहेर येत राहतो. तो दाखवण्यासाठी पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळून झाकून ठेवा आणि वरची निवळ घ्या. भाजून नुकतीच कुटलेली कॉफी एका बरणीत घालून तीत निवळीची वाटी ठेवा व झाकण घट्ट लावा. दुसऱ्या बरणीत नुसती निवळीची वाटी ठेवा. काही तासांनी दोन्ही वाट्यांतील पाण्याची तुलना करा. दुसरी बरणी कशासाठी, हे मुलांनाच विचारावे.

रंग आणि वास कोठून येतात?

अरेबिकाच्या कच्च्या बीत ६ ते ९ टक्के साखर असते. शिवाय प्रथिने, अमिनो आम्ले, तेल आणि क्लोरोजेनिक आम्ल असते. तापमान वाढले की शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात क्रिया सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. भाकरीचा खरपूस पापुद्रा, तुपात परतलेला रवा, भाजलेले शेंगदाणे या साऱ्यांचा रंग आणि वास मुख्यतः याच क्रियेचा. मोहाच्या फुलात शर्करा भरपूर असते, म्हणून तेही तव्यावर लवकर लालसर-तपकिरी होते. ही क्रिया पाण्यात उकळताना फार मंद चालते, कारण तेथे तापमान शंभर अंशांवर अडते. उकडलेल्या शेंगेला भाजलेल्या शेंगेचा वास का नाही, याचे उत्तर येथे आहे.

भाजलेल्या कॉफीत वासाची आठशेहून अधिक संयुगे ओळखली गेली आहेत. त्यातील एक फरफ्युरिल थायॉल हे गंधकयुक्त संयुग अत्यल्प प्रमाणातही ताज्या कॉफीचा वास देते. श्टाउडिंगर आणि राइखश्टाइन या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात ते शोधले. पुढे दोघांनाही वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कच्च्या बीतील ट्रायगोनेलिन या पदार्थापासून भाजताना नायसिन हे जीवनसत्त्वही बनते. उष्णतेने जीवनसत्त्वे नष्ट होतात एवढेच आपण शिकवतो. येथे एक तयार होते.

तयार होणारे सारेच हितकारक असते असे मात्र नाही. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले, की उच्च तापमानाला भाजलेल्या व तळलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलअमाइड हे अपायकारक संयुग निर्माण होते. तेही मायार क्रियेच्याच वाटेने. कॉफीतही ते असते. भाजण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात वाढते आणि पुढे बरेचसे नष्ट होते.

काय बदलत नाही?

इतके बदल पाहिल्यावर वाटते, की दोनशे अंशांना बीतील सारेच पालटत असावे. पण कॅफीनकडे पाहा. अरेबिकाच्या बीत ते साधारण १.२ टक्के असते. २३५ अंशांच्या आसपास वितळणारे हे संयुग भाजताना जवळजवळ तसेच राहते. थोडेसे वाफेबरोबर उडते तेवढेच. १०० ग्रॅम कच्च्या बीत १.२ ग्रॅम कॅफीन होते. तेच आता ८५ ग्रॅम भाजलेल्या बीत आहे. म्हणजे टक्केवारी १.४ झाली! बी काळी झाली, वास बदलला, तडतडली, हलकी झाली. कॅफीनला त्याचा पत्ताही नाही.

येथे आपल्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. रंग, आवाज, वास आणि वजन या खुणा मायार क्रिया कोठवर गेली, पाणी किती उडाले हे सांगतात. बीतील एखादा विशिष्ट पदार्थ नष्ट झाला की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. तो पदार्थ कॅफीनऐवजी विष असेल तर?

तरोटा आणि कासविंदा

हा प्रश्न काल्पनिक नाही. पावसाळ्यात विदर्भात सर्वत्र तरोटा उगवतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात. शास्त्रीय नाव सेना टोरा, पूर्वीचे कॅसिया टोरा. कोवळ्या पानांची भाजी होते. पिकलेल्या बिया भाजून कॉफीऐवजी वापरण्याची पद्धत जुनी आहे. त्यांत कॅफीन नसते. रंग व खरपूस वास भाजण्यातून येतो.

याच कुळातील दुसरे झुडूप म्हणजे कासविंदा किंवा रानटाकळा, शास्त्रीय नाव सेना ऑक्सिडेंटॅलिस. तेही रस्त्याकडेला, पडीक जमिनीत, अनेकदा तरोट्याच्या शेजारीच वाढते. त्याच्याही बिया भाजून कॉफी करण्याची रीत अनेक देशांत होती. परंतु या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या सुमारास लहान मुलांना होणारा एक जीवघेणा आजार मेंदूज्वर समजला जात होता. तो या झुडपाच्या बिया खाल्ल्याने होतो आणि यकृत, स्नायू व मेंदू या तिन्हींवर आघात करतो, हे डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. २०१६ साली बस्तरच्या पलीकडे, ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास मुले दगावली. काही मुलांना जपानी मेंदूज्वर झाला होता. पण अनेक मृत्यूंमागे याच झुडपाच्या बियांतील अँथ्राक्विनोन गटाची विषे असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. तेथेही आदिवासी पाडे, तसेच जंगल, तशीच रानात फिरताना शेंगा तोडून खाणारी मुले.

भाजल्याने या बियांचा विषारीपणा कमी होतो, असे म्हटले जाते. कमी झाला तरी किती झाला, हे घरच्या कढईत कळण्याचा मार्ग नाही. कासविंद्याची बीही छान तपकिरी होईल आणि खरपूस वास देईल. म्हणून ओळख करायची ती कढईत नव्हे, झाडावर.

तरोट्याच्या पानात सहसा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाशी रुंद व बोथट असतात. कासविंद्यात चार ते सहा जोड्या असून पर्णिका टोकाला निमुळत्या होत जातात. तरोट्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची आखूड, चपटी, कडा फिकट असलेली. तरोट्याची बी चमकदार, दोन्ही टोकांना तिरपी कापल्यासारखी कोनदार असते. कासविंद्याची चपटी, गोलसर आणि निस्तेज. तरोटा बहुधा गुडघा-कमरेइतका, कासविंदा अनेकदा माणसाच्या छातीपर्यंत. एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. पान, शेंग आणि बी तिन्ही जुळली पाहिजेत. बाजारातील किंवा कोणीतरी गोळा करून आणलेल्या मिसळीच्या बिया भाजून पिऊ नयेत. तरोट्याच्या बीतही याच गटातील काही संयुगे असतात, तेव्हा तिचा काढा मुलांना देण्याचे कारण नाही.

वर्गात करण्यासारखे

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही झुडपांना शेंगा असतात. मुलांना घेऊन शाळेच्या परिसरात फिरा, दोन्ही ओळखा, फांद्या वाळवून कागदावर चिकटवा आणि त्याखाली स्थानिक नाव, माडिया नाव व शास्त्रीय नाव लिहा. हा तक्ता भिंतीवर राहू द्या. बिया हाताळल्यावर हात धुवावेत. घरी धाकटी भावंडे कोणत्या शेंगा खेळण्यात घेतात, हे मुलांनी पाहून यावे. तो प्रश्न कॉफीपेक्षा महत्त्वाचा आहे.

कॉफीच्या बीबाबत पुढील प्रश्न कढईपाशीच विचारता येतील. १०० ग्रॅमऐवजी ३०० ग्रॅम बी घेतली तर पहिली तडतड किती मिनिटांनी होईल? तिप्पट वेळ लागेल का? आधी दोन दिवस उन्हात वाळवलेली आणि न वाळवलेली बी यांच्या वजनातील घटीत फरक पडेल का? मातीच्या खापरावर व लोखंडी कढईत भाजलेली बी सारखी होईल का? यांची उत्तरे आम्ही येथे देत नाही. घड्याळ, तराजू आणि वही असेल तर कोणत्याही शाळेला ती मिळवता येतील.